विसराळू माणसाची झाडं

नर्सरीत गेल्यावर बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "याला पाणी किती घालायचं?" उत्तरही ठरलेलं: "रोज एक ग्लास" किंवा "एक दिवसाआड". माणूस ते उत्तर घेऊन घरी येतो, इमानेइतबारे रोज ग्लासभर पाणी घालतो आणि महिन्याभरात खोड बुडाशी मऊ पडून झाड आडवं होतं. मग घरात निकाल लागतो की आपल्या हाताला काही झाडं लागत नाहीत.

माझ्या हातून आजवर किती झाडं गेली याचा हिशेब मी ठेवलेला नाही. पण त्यातली तहानेनं गेलेली बोटांवर मोजता येतील. बाकीची कुंडीतल्या कुंडीत बुडाली. एका मे महिन्यात पंधरा दिवस गावी गेलो होतो. जाताना लाडकं जेड शेजारी ठेवलं, "जरा पाणी घाला हं" असं बजावून. जाड, उभ्या पानांचं स्नेक प्लांट मात्र नेण्याआणण्याचा कंटाळा केला म्हणून बंद घरातच राहिलं. परत आलो तर जेड कुजलेलं आणि स्नेक प्लांट निघताना होतं तसंच उभं. शेजाऱ्यांचा काही दोष नव्हता. त्यांनी सांगितल्याप्रमाणे रोज पाणी घातलं होतं.

हे असं का होतं, ते एकदा कळलं की विसराळू, आळशी, सतत फिरतीवर असणाऱ्या माणसालाही घरात झाडं ठेवता येतात. किंबहुना अशा माणसालाच काही झाडं चांगली साधतात.

मुळांना हवा लागते

पान उजेडात साखर बनवतं हे शाळेत शिकलेलं असतं. पुढचा भाग आपण विसरतो. ती साखर मुळांपर्यंत पोहोचते आणि मुळं ती जाळून ताकद मिळवतात. जाळायला ऑक्सिजन लागतो, तो मातीच्या कणांमधल्या बारीक पोकळ्यांतून मिळतो. पाणी घातलं की या पोकळ्या भरतात, जास्तीचं पाणी खाली निघून गेलं की पुन्हा हवा आत येते. शेतकऱ्यांकडे या स्थितीसाठी नेमका शब्द आहे: वाफसा. माती ओलसर आहे, पण चिखल नाही. ओल आणि हवा दोन्ही आहेत. वाफसा आल्याशिवाय शेतकरी पेरणीला हात घालत नाही. आपण मात्र कुंडीला वाफसा येऊच देत नाही, कारण रोज सकाळी ग्लास तयार असतो.

पोकळ्या पाण्यानं भरलेल्या राहिल्या तर काय होतं? ऑक्सिजन पाण्यातून हवेच्या मानानं सुमारे दहा हजार पट सावकाश सरकतो. म्हणजे मुळांचा श्वास जवळजवळ बंदच. गुदमरलेली मुळं मरू लागतात आणि मेलेल्या, चिखलातल्या मुळांवर पिथियम, फायटोफ्थोरा यांसारखे बुरशीसारखे जीव तुटून पडतात. फायटोफ्थोरा या नावाचा ग्रीक अर्थच 'झाडाचा नाश करणारा'.

खरा घोटाळा यापुढे होतो. मुळं कुजली की झाडाला पाणी ओढता येत नाही. भोवती पाणीच पाणी, पण वर पानं कोमेजलेली. पानांनी मान टाकली की आपण म्हणतो, बिचारं तहानलंय, आणि आणखी एक तांब्या ओततो. बुडणाऱ्याला पाणी पाजायचा हा प्रकार आहे. म्हणून पानं लोळलेली दिसली तर आधी मातीत बोट घालावं. माती कोरडी असेल तर तहान. माती ओली असूनही पानं लोळली असतील, खालची पानं पिवळी आणि पिचपिचीत झाली असतील, कुंडीभोवती बारीक चिलटं उडत असतील आणि मातीला आंबूस वास येत असेल, तर दुखणं मुळांचं आहे.

काटकपणा म्हणजे नेमकं काय

"हे झाड काटक आहे, काही करावं लागत नाही," असं नर्सरीवाले सांगतात. काटक झाडं काही वेगळ्या धातूची नसतात. त्यांच्याकडे दोन गोष्टी असतात: पाण्याची साठवण आणि पाण्याची कंजुषी.

साठवण डोळ्यांना दिसते. आपल्याकडे दृष्ट लागू नये म्हणून दुकानाच्या चौकटीला कोरफड उलटी टांगतात. ना माती, ना पाणी, तरी ती महिनोन्‌महिने हिरवी राहते. कधी कधी टोक वळवून वरच्या दिशेनं वाढूही लागते. पानातला गर म्हणजे तिची पाण्याची टाकीच.

कंजुषीची गोष्ट जास्त मजेची आहे आणि तिची सुरुवात भारतात झाली. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मद्रास इलाख्यात बेंजामिन हाइन नावाचा जर्मन वनस्पतिअभ्यासक होता. 1813 मध्ये त्यानं लंडनला एक पत्र धाडलं. त्यात लिहिलं होतं की पानफुटीचं पान पहाटे चाखलं तर आंबट लागतं, दुपारी बेचव आणि संध्याकाळकडे किंचित कडवट. (आपण हा प्रयोग करू नये, पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात.) एकाच पानाची चव दिवसात तीनदा कशी बदलते याचा उलगडा व्हायला पुढे शंभरांहून जास्त वर्षं लागली.

उलगडा असा. पानाला बारीक छिद्रं असतात. त्यातून कार्बन डायऑक्साइड आत येतो, पण दार उघडं असलं की आतली वाफही बाहेर पडते. साधी झाडं दिवसा छिद्रं उघडतात, म्हणजे ऐन उन्हात पाणी गमावतात. पानफुटी, कोरफड, स्नेक प्लांट, अननस ही मंडळी हुशार. ती छिद्रं रात्री उघडतात, जेव्हा हवा गार असते आणि वाफ कमी जाते. रात्रभर कार्बन डायऑक्साइड घेऊन तो आम्लाच्या रूपात पानात साठवतात. पहाटे पान आंबट लागतं ते या आम्लामुळे. दिवस उगवला की दार बंद, आणि आत साठवलेल्या आम्लातून कार्बन डायऑक्साइड काढून, उजेडाच्या मदतीनं साखर. दुपारपर्यंत आम्ल संपतं, आंबटपणा जातो. रात्री बाजारहाट करून दिवसा दार लावून स्वयंपाक, असा हा संसार.

यावरून एक गैरसमजही निस्तरून टाकू. "स्नेक प्लांट बेडरूममध्ये ठेवा, रात्री ऑक्सिजन देतं," हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. हे झाड रात्री कार्बन डायऑक्साइड घेतं, इतकं खरं. पण ऑक्सिजन पाण्याचा रेणू फुटून तयार होतो आणि ते काम उजेडाशिवाय होत नाही. रात्री ऑक्सिजनचा कारखाना बंदच असतो, पान कोणतंही असो.

हवा शुद्ध करण्याचंही तसंच. ही ख्याती नासाच्या 1989 च्या एका अभ्यासातून आली. तो प्रयोग छोट्या हवाबंद पेट्यांत झाला होता. आपलं घर हवाबंद नसतं. दारं-खिडक्यांतून सतत हवा बदलत असते. 2019 मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी जुने अभ्यास एकत्र तपासले तेव्हा निघालं की नुसत्या हवेच्या ये-जा इतकं काम झाडांकडून करून घ्यायचं तर चौरस मीटरला 10 ते 1,000 झाडं लागतील. तेवढ्या कुंड्या ठेवल्यावर माणसांना गॅलरीत झोपावं लागेल. झाड आवडतं म्हणून ठेवावं, खिडकी उघडावी, विषय संपला.

चार भिडू

माझ्या मते नवख्या माणसानं पहिलं झाड घ्यावं ते स्नेक प्लांट. मूळचं पश्चिम आफ्रिकेतलं. आधी ते शास्त्रीयदृष्ट्या सॅन्सेव्हिएरिया या प्रजातीत होतं, 2017 पासून ते ड्रॅसिना या प्रजातीत मोडतं, त्यामुळे जुन्या पाट्यांवर वेगळं नाव दिसलं तर गोंधळू नका. जाड पानांत पाणी, जमिनीखाली आडव्या खोडात पाणी, वर रात्रीच छिद्रं उघडायची सवय. पावसाळ्यात तीन आठवडे पाणी नाही दिलं तरी ते ढिम्म. मारायचंच असेल तर एक हमखास मार्ग आहे: पानांच्या मधल्या चोचीत रोज पाणी ओतणे. ते तिथं साचतं आणि गाभा सडतो. पिवळ्या काठाच्या जातीचं पान कापून लावलं तर नवं रोप साधं हिरवंच निघतं, पिवळा काठ त्यात उतरत नाही. काठ हवा असेल तर बुडखा कंदासकट फोडून वेगळा करावा लागतो. पान कापून रोप केल्यावर "जात बिघडली" म्हणून हळहळणारे मी पाहिलेत.

दुसरं झीझी. नावाचं कोडं सोपं आहे, झामिओकल्कस झामिफोलिया या लांबलचक नावातले दोन झ. पूर्व आफ्रिकेत, केनिया-टांझानियापासून खाली दक्षिणेपर्यंत हे रानात उगवतं. शास्त्रज्ञांना ते एकोणिसाव्या शतकापासून माहीत होतं. घराघरांत आलं ते मात्र 1996 च्या सुमारास डच नर्सऱ्यांनी मोठ्या प्रमाणावर रोपं करायला घेतल्यावर. कुंडीतून उपटून पाहिलं तर खाली बटाट्यासारखे गड्डे दिसतात. पानाचा 91 टक्के भाग पाणीच. पाणी न देता चार महिने राहू शकतं. कोरडं पडत गेलं की आधी पानं गाळतं, गड्डा जपून ठेवतं आणि पाणी मिळालं की पुन्हा कोंब काढतं. पानं गळली म्हणून फेकून देऊ नका, आधी गड्डा दाबून पाहा. टणक असेल तर झाड जिवंत आहे. फक्त हे वाढतं फार सावकाश. वर्षाला दोन-तीन नव्या दांड्या आल्या तरी समाधान मानावं.

तिसरा मनी प्लांट. हा "चोरून आणलेलाच लागतो" अशी आपल्याकडची समजूत. तीत तथ्य इतकंच की तो विकत घ्यायची गरज कधी पडतच नाही. प्रत्येक पेरावर मुळाची तयार गाठ असते. पेरासकट वितभर फांदी कुणाच्याही गॅलरीतून मिळवा, बाटलीत पाण्यात ठेवा, दोन-तीन आठवड्यांत पांढरी मुळं सुटतात. पेर नसेल तर नुसतं पान महिनोन्‌महिने हिरवं राहील, वेल मात्र होणार नाही. इथंच बरेच जण फसतात.

या वेलीची कहाणी विलक्षण आहे. मूळ घर प्रशांत महासागरातल्या फ्रेंच पॉलिनेशियातलं मोरिया हे एक बेट. तिथून ती जगभर गेली ती सगळी फांद्या लावून लावून, कारण ती फुलतच नाही म्हटलं तरी चालेल. 2016 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी कारण शोधलं: फुलोऱ्याला लागणारं जिबरेलिन हे संप्रेरक तिला नीट बनवता येत नाही. म्हणजे तुमच्या टीव्हीशेजारची वेल आणि मावशीच्या स्वयंपाकघरातली वेल ही बहुधा एकाच झाडाची तुकड्या-तुकड्यानं वाढलेली अंगं आहेत. पुण्या-मुंबईत जुन्या वडा-पिंपळावर चढलेले सुपाएवढ्या पानांचे वेल बघितले असतील. तो हाच. आधार आणि उजेड मिळाला की पान मोठं होत जातं, खाली लोंबकळला की लहान. घरात पानांवरचे पिवळे शिंतोडे नाहीसे होऊन नुसता हिरवा झाला तर समजावं, उजेड कमी पडतोय. पिवळ्या भागात हरितद्रव्य नसतं आणि काटकसरीच्या दिवसांत नव्या पानांना ती चैन परवडत नाही.

मनी प्लांट रात्री छिद्रं उघडणाऱ्यांतला नाही, त्यामुळे स्नेक प्लांटइतकी उपासमार सोसत नाही. पण तो इशारा देतो. पानं थोडी मलूल झाली की पाणी घाला, संध्याकाळपर्यंत ताठ. विसराळू माणसाला असं बोलणारं झाड सोयीचं.

चौथं स्पायडर प्लांट, दक्षिण आफ्रिकेकडचं. हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांची पात, आणि लांब देठाला लटकणारी पिल्लं. हे आपल्याला परकं वाटतं, पण त्याचं गोत्र सह्याद्रीत आहे. सफेद मुसळीच्या एका जातीचं शास्त्रीय नावच बोरिवलीवरून पडलंय, क्लोरोफायटम बोरिविलियानम, आणि पावसाच्या तोंडाला बाजारात येणारी फोडशीची भाजी याच क्लोरोफायटम गोतातली. मुसळीची मुळं जशी पांढरी, जाड, रसाळ, तशीच स्पायडर प्लांटची, पाणी त्यांतच साठतं. पातीची टोकं तपकिरी होतात ती बहुतेक वेळा बोअरच्या जड पाण्यातल्या क्षारांनी. कात्रीनं टोक छाटावं आणि पावसाचं पाणी मिळेल तेव्हा ते घालावं.

जेडबद्दल दोनच शब्द. नर्सरीत जेड म्हणून जे बारीक पानांचं झुडूप मिळतं ते बहुतेकदा खरं जेड नसून पोर्टुलकारिया असतं, आफ्रिकेत हत्ती ते आवडीनं खातात. काटक आहे, पण त्याला ऊन लागतं. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ठेवलं तर लांबुडकं होऊन पानं गाळेल. नेचे, कॅलेथिया आणि मोगरा-गुलाब यांच्या वाटेला विसराळू माणसानं जाऊ नये, दोघांचीही फजिती होते.

आपला डोळा फसवतो

"कमी उजेडात चालतं" या शब्दांनी जितकी झाडं मेली तितकी क्वचितच कशानं मेली असतील. चालतं म्हणजे मरत नाही, वाढतं असं नाही. आणि कमी म्हणजे किती, हे आपल्या डोळ्याला कळत नाही. बाहुली लहान-मोठी होऊन डोळा फरक झाकून टाकतो. भर दुपारच्या उन्हात सुमारे 1,00,000 लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) उजेड असतो. खिडकीला लागून, ऊन थेट येत नसेल तर एक-दोन हजार. तिथून तीन-चार मीटर आत, सोफ्याच्या कोपऱ्यात, शंभर-दोनशे. आपल्याला खोली छान उजळलेली वाटते, झाडाच्या दृष्टीनं ती संध्याकाळ असते. साधी कसोटी: दुपारी झाडाच्या जागी हात धरा. सावली स्पष्ट पडली तर उजेड चांगला. पुसट पडली तर स्नेक प्लांट आणि झीझी निभावतील. पडलीच नाही तर तिथं प्लास्टिकचं झाड ठेवा, मला त्यात काहीही गैर वाटत नाही.

उजेडाचा पाण्याशी थेट संबंध आहे. कमी उजेड म्हणजे कमी साखर, कमी वाढ, म्हणून पाण्याची गरजही कमी. खिडकीतल्या आणि कोपऱ्यातल्या एकाच जातीच्या दोन कुंड्यांना सारखं पाणी घातलं की कोपऱ्यातली कुजते.

कुंडी, खापर आणि स्पंज

कुंडीला भोक हवंच. चिनी मातीची सुंदर, बिनभोकाची कुंडी भेट मिळाली असेल तर झाड प्लास्टिकच्या भोकाच्या कुंडीत ठेवून ती आत बसवा आणि पाणी घालताना बाहेर काढा.

भोकावर खापराचा एक तुकडा ठेवायची आपली पद्धत बरी आहे, माती वाहून जात नाही. पण निचरा व्हावा म्हणून तळाशी चार बोटं खडी घालतात, त्याचा उलटा परिणाम होतो. पटत नसेल तर भांडी घासायचा नवा, लांबट स्पंज घ्या. पाण्यात बुडवून आडवा धरा. थेंब पडायचे थांबले की तोच स्पंज उभा करा, आणखी पाणी गळेल. पाणी धरून ठेवणारा ओला थर तळाशी ठरावीक उंचीचाच असतो. स्पंज उंच झाला की वरचा जास्त भाग मोकळा राहतो. कुंडीत खडी भरली की मातीची उंची कमी होते, आणि ओला थर खडीच्या वर, मुळांच्या जवळ सरकतो. खडी काढा, तिथंही माती भरा.

माती कशी? शेतातली काळी माती कुंडीत नको, ओली झाली की फुगते आणि सुकली की दगड होते. लाल माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), जुनं शेणखत आणि जाड वाळू किंवा विटेचा चुरा, असं भुसभुशीत मिश्रण. मुठीत दाबून सोडल्यावर त्याचा लाडू वळला नाही, तर ते जमलं. नर्सरीतली बरीच रोपं नुसत्या कोकोपीटमध्ये येतात. त्याचा वरचा थर लवकर सुकून फसवतो, आत मात्र चिंब असतं.

म्हणून वार ठरवून पाणी घालू नका. उदबत्तीची जळून उरलेली काडी मातीत खोलवर खुपसा आणि दोन मिनिटांनी काढा. काडीला ओलसर माती चिकटून आली तर आज सुट्टी. कोरडी आली तर घाला, आणि घालायचं तर खालच्या भोकातून वाहेपर्यंत घाला, मग ताटलीतलं पाणी ओतून टाका. घोट-घोट पाणी देणं सगळ्यात वाईट, वर चिखल आणि खाली कोरडं. मेमध्ये पुण्यात ही काडी आठ-दहा दिवसांत कोरडी येईल, जुलैमध्ये कोकणात महिना लागेल. प्लास्टिकपेक्षा मातीच्या कुंडीत लवकर, कारण तिच्या अंगातूनही पाणी उडतं.

घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर एक खबरदारी. मनी प्लांट आणि झीझी दोन्ही अळूच्या कुळातली आहेत. कच्च्या अळूनं घसा का खाजतो? कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांनी, म्हणून तर फदफद्यात चिंच किंवा आमसूल घालतो. तेच स्फटिक या दोघांतही असतात. कुणी पान चावलं तर तोंडाची आग होते, सूज येते. उंचावर ठेवावीत.

आणि आत्ता घरात एखादं लोळलेलं, ओल्या मातीतलं झाड असेल, तर वाट पाहू नका. कुंडी उलटी करून झाड बाहेर काढा, माती झटका. तपकिरी, पिचपिचीत, ओढल्यावर सालीसारखी निघणारी मुळं स्वच्छ कात्रीनं कापून टाका, पांढरी आणि टणक तेवढी ठेवा. स्नेक प्लांट किंवा झीझी असेल तर ते तसंच वर्तमानपत्रावर दोन-तीन दिवस सावलीत पडू द्या, जखमा सुकतील. मग कोरड्या, नव्या मातीत लावा आणि आठवडाभर पाणी घालू नका. मनी प्लांट असेल तर इतकं करायचीही गरज नाही, वरचा चांगला, पेर असलेला तुकडा कापून बाटलीत ठेवा आणि बाकीचं खताच्या डब्यात.